मोठे मशीन नको, मजल्यांचे झोन हवेत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

वरचा मजला तापलेला आणि खाली अंगावर शाल, ही एकाच मशीनमधून डक्टने (हवा वाहून नेणाऱ्या नळ्यांनी) थंड होणाऱ्या बहुमजली घरांतली नेहमीची तक्रार. तिच्यावर अनेकदा जास्त टनाचे मशीन बसवले जाते आणि दुखणे वाढते. थर्मोस्टॅट (तापमान पाहून मशीन चालू-बंद करणारे उपकरण) खालच्या मजल्यावर असेल, तर मोठे मशीन तिथला गारवा लवकर गाठून आणखी लवकर थांबते. वरचा उकाडा तसाच राहतो आणि हवेतला दमटपणाही पुरेसा निघत नाही.

खरा उपाय म्हणजे प्रत्येक मजल्याचा वेगळा झोन, म्हणजे स्वतंत्रपणे नियंत्रित होणारा भाग. मुख्य डक्टच्या फाट्यांवर मोटारीचे डॅम्पर (हवा अडवणाऱ्या-सोडणाऱ्या झडपा), मजल्यागणिक थर्मोस्टॅट आणि या सगळ्यांना जोडणारे नियंत्रण पॅनेल एवढेच साहित्य लागते. पण नुसते डॅम्पर लावून मोकळे होणे घातक आहे, म्हणून हे पत्र.

हिशेब असा. थंडाव्यासाठी दर टनाला मिनिटाला सुमारे ४०० घनफूट हवा लागते. म्हणजे ४ टनांच्या मशीनला १६००. दोन्ही मजल्यांचे डक्ट प्रत्येकी ८०० चे असतील आणि एक डॅम्पर मिटला, तर सगळा लोंढा दुसऱ्या डक्टवर येतो. त्याच डक्टमधून दुप्पट हवा ढकलायला चौपट दाब लागतो. तेवढा ब्लोअरला (हवा ढकलणाऱ्या पंख्याला) झेपत नाही, जाळीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागतो आणि कॉइलवरून (हवा गार करणाऱ्या नळ्यांवरून) जाणारी हवा घटते. मग कॉइलवर बर्फ धरतो, बर्फामुळे हवा आणखी अडते आणि शेवटी द्रवरूप रेफ्रिजरंट (थंडावा देणारा वायू) कॉम्प्रेसरमध्ये शिरून तो निकामी होतो. हीटिंगमध्ये याच कारणाने भट्टी तापून तिचा लिमिट स्विच (जास्त तापल्यास भट्टी बंद करणारा) वारंवार तिला बंद करतो.

यावर बायपास डॅम्पर सुचवला जातो. तो जादा थंड हवा परत रिटर्नमध्ये (घरातली हवा मशीनकडे आणणाऱ्या डक्टमध्ये) सोडतो. दाब उतरतो हे खरे, पण आधीच गार असलेली हवा पुन्हा कॉइलवर येते आणि बर्फाचा धोका कायम राहतो. आमच्या मते बायपास हा शेवटचा पर्याय. आधी प्रत्येक झोनचे डक्ट मोठे करावेत आणि मशीन दोन टप्प्यांचे (कमी आणि पूर्ण क्षमतेचे) किंवा इन्व्हर्टरचे घ्यावे, म्हणजे एकच झोन चालू असताना ते आपोआप कमी क्षमतेवर येते. एका झोनचे चिमुकले तुकडे करू नयेत. एकट्या खोलीचा झोन मशीनची किमान हवाही पेलत नाही.

बाकी बाबी छोट्या, पण काम तिथेच फसते. पॅनेलला २४ व्होल्टचा स्वतंत्र ट्रान्सफॉर्मर द्यावा. मशीनच्याच ट्रान्सफॉर्मरवर सगळ्या मोटारींचा भार टाकला की तो जळतो. कॉइलनंतरच्या डक्टमध्ये तापमानाचा सेन्सर हवा, म्हणजे हवा ७ अंश सेल्सिअसच्या आसपास उतरली की कॉम्प्रेसर थांबेल. प्रत्येक मजल्याला स्वतःचा रिटर्न असावा. वरचा थर्मोस्टॅट जिन्याच्या तोंडाशी लावू नये, कारण खालची गरम हवा तिथेच चढते आणि तो खोल्यांचे नव्हे, जिन्याचे तापमान मोजत बसतो. डॅम्परपाशी हात घालता येईल असे उघडणारे झाकण ठेवावे, नाहीतर मोटार बदलताना छत फोडावे लागते. छताचे इन्सुलेशन आणि डक्टच्या सांध्यांची गळती आधी पाहावी. सांध्यांना मॅस्टिक (फटी बुजवणारा लेप) लावावे. कापडी टेप काही काळात सुटते.

डक्टच नसलेल्या घरात मल्टी-स्प्लिट (बाहेर एक युनिट, आत खोल्यांत अनेक) सोपे पडते. मात्र बहुतेक मल्टी-स्प्लिट एकाच वेळी एका खोलीत थंड आणि दुसऱ्या खोलीत गरम करू शकत नाहीत.

काम झाल्यावर सगळे झोन उघडून चाचणी घेतली जाते. त्यात दोष दिसतच नाही. सर्वात लहान झोन एकटा चालवून मॅनोमीटरने (दाबमापकाने) डक्टमधला दाब मोजावा. पुष्कळशा ब्लोअरची मर्यादा अर्धा इंच पाणीस्तंभ, म्हणजे सुमारे १२५ पास्कल असते. आपल्या मशीनची मर्यादा त्याच्या पाटीवर पाहावी. थंडाव्यात कॉइलच्या आधीच्या आणि नंतरच्या हवेत साधारण ८ ते ११ अंशांचा फरक हवा. फरक याहून बराच जास्त आला, तर हवा कमी पडते आहे असे समजावे. हे दोन आकडे लेखी मिळेपर्यंत घरमालकाने कंत्राटदाराचे शेवटचे बिल चुकते करू नये.

आपले नम्र,
वातानुकूलन क्षेत्रातील तंत्रज्ञ