ईमेललाही आवक-जावक हवी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कार्यालयीन वेळेच्या नियोजनावर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेल्या लेखाने ईमेलचा विषय तीन सूचनांत उरकला आहे : मोबाइलवरील सूचनांचा आवाज बंद ठेवा, ठरावीक वेळीच पेटी उघडा आणि दिवसअखेर ती रिकामी करा. या सूचना योग्यच आहेत, परंतु त्या सर्व ईमेल घेणाऱ्याला उद्देशून आहेत. जिल्हा पातळीवरील शासकीय कार्यालयात आस्थापना आणि नोंदणी शाखेत नोकरी केलेल्या माझ्यासारख्याला असे वाटते की, वेळ वाया जाण्याचे कारण व्यक्तीच्या सवयीपेक्षा कार्यालयाच्या पद्धतीत अधिक आहे. कागदी टपालासाठी आपण जी शिस्त अनेक पिढ्या पाळली, ती ईमेल आल्यावर कोणी रद्द केली नाही; ती नव्या माध्यमाला लागू करायचे तेवढे राहून गेले.

प्रश्न किरकोळ नाही. मॅकिन्झी ग्लोबल इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेच्या २०१२ च्या अहवालात कार्यालयीन स्वरूपाचे काम करणाऱ्यांच्या कामाच्या आठवड्यातील सुमारे २८ टक्के वेळ ईमेल वाचण्यात आणि उत्तरे देण्यात जातो, असा अंदाज दिलेला होता. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी १२४ जणांना एक आठवडा दिवसातून तीनदाच आणि एक आठवडा हवे तितक्या वेळा ईमेल पाहायला सांगितले. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षानुसार तीनदा पाहण्याच्या आठवड्यात लोकांवरचा ताण कमी होता. आपल्या कार्यालयांत टपाल पूर्वीपासून ठरलेल्या वेळीच फुटत असे आणि ठरलेल्या वेळीच साहेबांपुढे जात असे, त्यामुळे जुन्या लिपिकाला या निष्कर्षाचे फारसे नवल वाटणार नाही.

आवक शाखेत काय होत असे, हे नव्या पिढीसाठी सांगायला हवे. पत्र उघडले की त्यावर दिनांकाचा शिक्का आणि आवक क्रमांक पडे, अधिकारी ते पाहून कोपऱ्यात संबंधित शाखेचा उल्लेख करीत, आणि मग ते त्या शाखेतील एका विशिष्ट लिपिकाच्या कार्यविवरण नोंदवहीत चढे. आठवड्याच्या गोषवाऱ्यात आलेली, निकाली निघालेली आणि शिल्लक राहिलेली प्रकरणे मोजली जात. या सगळ्याचा अर्थ एवढाच की, प्रत्येक पत्राला पहिल्याच दिवशी एक धनी मिळत असे. आज कार्यालयाच्या सामाईक ईमेल पत्त्यावर आलेला संदेश चार जण उघडतात, चौघांनाही तो दुसरा कोणी हाताळत असेल असे वाटते, आणि एकदा उघडल्यामुळे त्याची ठळक अक्षरे साधी झाली की तो यादीत खाली सरकत जातो. मग आठ दिवसांनी स्मरणपत्र येते आणि चौघेही तोच संदेश पुन्हा शोधतात.

यात कायद्याचाही एक पैलू आहे. बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध यासंबंधीच्या आपल्या राज्याच्या २००५ च्या अधिनियमानुसार कोणतीही नस्ती (फाइल) एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा अधिक काळ पडून राहता कामा नये. पण ज्या ईमेलची नोंदच झाली नाही, त्याचे सात दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे? अर्जदाराने ईमेल पाठवल्याचा पुरावा दाखवला तरी आवक क्रमांक विचारला जातो, आणि तो त्याला कोणी दिलेलाच नसतो.

महसूल खात्यातील वाचकांना सहा गठ्ठे पद्धत आठवत असेल. टेबलावरील कागद कार्यवाहीसाठीचे, प्रतीक्षाधीन, नियतकालिक अहवालांचे, स्थायी आदेशांचे, अभिलेख कक्षात पाठवायचे आणि नष्ट करायचे अशा गठ्ठ्यांत विभागले जात. त्या पद्धतीचे मर्म असे की, कागद कोणत्या विषयाचा आहे याऐवजी त्याचे पुढे काय व्हायचे आहे, यावर त्याची जागा ठरत असे. ईमेलच्या बाबतीत आपण नेमके उलटे करतो आणि विषयवार, तालुकावार, योजनावार फोल्डरांची लांबच लांब माळ तयार करून त्यात संदेश टाकत बसतो. आयबीएमच्या संशोधकांनी २०११ मध्ये ३४५ जणांच्या वापराचा अभ्यास करून दाखवून दिले की, अशी फोल्डरे करणाऱ्यांना जुना ईमेल सापडण्यात काहीच लाभ होत नाही; शोधचौकटीत शब्द टाकणारे तो अधिक लवकर मिळवतात. विषय शोधण्याचे काम यंत्राकडे सोडून ‘आज करायचे’, ‘उत्तराची वाट पाहायची’, ‘दरमहा पाठवायचे’ आणि ‘झाले’ एवढीच विभागणी ठेवली तरी पुष्कळ भागते. यांपैकी ‘उत्तराची वाट पाहायची’ हा विभाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण आपण कोणाकडून काय मागवले आहे, याची नोंद ठेवणारे फार थोडे असतात.

आता पाठवणाऱ्यांकडे वळतो. टंकलेखन यंत्रावर कार्बन लावून निघणाऱ्या वाचनीय प्रती मोजक्याच असत, त्यामुळे ‘प्रत माहितीसाठी’ कोणाला पाठवायची, याचा विचार करावाच लागे. शिवाय पत्राखाली ‘माहितीसाठी’ आणि ‘आवश्यक कार्यवाहीसाठी’ असा स्पष्ट भेद लिहिलेला असे. ईमेलमध्ये प्रतीला काहीच खर्च नाही, म्हणून वरिष्ठांना आपली तत्परता दिसावी एवढ्याच हेतूने वीस-वीस पत्ते घातले जातात, आणि त्यातील एकाने सर्वांना ‘प्राप्त झाले’ असे उत्तर दिले की उरलेले एकोणीस जण विनाकारण पेटी उघडतात. ज्यांनी काम करायचे आहे, तेवढेच पत्ते मुख्य रकान्यात आणि केवळ माहितीचे धनी प्रतीच्या रकान्यात, इतका नियम पाळला तरी घेणाऱ्याला संदेश न उघडता प्राधान्य ठरवता येईल.

याहून अधिक वेळ खाणारा प्रकार जोडपत्रांचा आहे. संगणकावर तयार केलेले पत्र छापायचे, त्यावर सही करायची, ते स्कॅन करायचे, आणि विषयाच्या ओळीत ‘तातडीचे’ व मजकुरात ‘सोबतचे पत्र पाहावे’ एवढेच लिहून पाठवायचे, ही आता रीतच झाली आहे. असे पत्र पुढे शोधचौकटीत सापडत नाही, कारण यंत्राच्या दृष्टीने बहुधा ते केवळ चित्र असते. त्यासोबतचे विवरणपत्रही स्कॅन केलेलेच असेल, तर बारा तालुक्यांतील बारा लिपिक तोच तक्ता पुन्हा एक्सेलमध्ये आखतात, बारा तऱ्हांनी आखतात, आणि संकलन करणारा लिपिक रात्री आठपर्यंत रकाने जुळवत बसतो. युनिकोडऐवजी जुन्या फाँटमध्ये टंकलेला मजकूर आला, तर तो दुसऱ्या संगणकावर निरर्थक चिन्हांसारखा उमटतो आणि फोनाफोनी सुरू होते. सही केलेले पत्र हवे तर अवश्य जोडावे, परंतु काय हवे, कोणी द्यायचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे तीन ओळींत ईमेलच्या मजकुरातच लिहावे आणि विवरणपत्र भरता येईल अशा स्वरूपात द्यावे. पाठवणाऱ्याची पाच मिनिटे यात जातील. पलीकडे मात्र प्रत्येक तालुक्यात अर्धा तास वाचेल. जुन्या पत्रांत ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ या ओळी सक्तीच्या होत्या, त्या उगीच नव्हत्या.

पदनामाच्या पत्त्याबाबतही एक गोष्ट नमूद करतो. अधिकाऱ्याच्या वैयक्तिक ईमेलवर चाललेला पत्रव्यवहार त्याच्या बदलीबरोबर निघून जातो आणि नव्याने आलेल्या माणसाला पाटी कोरी मिळते. पदनामाचा पत्ता कार्यभाराच्या यादीत नोंदवून, पासवर्ड बदलून हस्तांतरित झाला, तर मागील पत्रव्यवहार खुर्चीकडेच राहतो.

कार्यालयीन वेळेनंतर ईमेलपासून दूर राहण्याच्या कर्मचाऱ्यांच्या हक्काबद्दल फ्रान्सने १ जानेवारी २०१७ पासून कायदा लागू केला, आणि आपल्याकडे खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तशाच आशयाचे खासगी विधेयक मांडले होते. मला स्वतःला सरसकट बंदी व्यवहार्य वाटत नाही, कारण पूर आणि निवडणूक घड्याळ पाहून येत नाहीत. परंतु खरी तातडी असेल तर दूरध्वनी करावा. रात्री दहाला ईमेल पाठवून सकाळी दहाला अहवाल मागणे याला तातडी म्हणता येणार नाही.

सामान्य प्रशासन विभागाने याबाबत एक सुटसुटीत परिपत्रक काढावे, अशी आपल्या वृत्तपत्राद्वारे विनंती करतो. प्रत्येक कार्यालयाने सामाईक ईमेल पाहण्यासाठी एक लिपिक आणि त्याच्या रजेसाठी दुसरा लिपिक नेमावा, दिवसातील तीन वेळा ठरवून आलेल्या प्रत्येक कामाच्या ईमेलला आवक क्रमांक द्यावा, आणि तो क्रमांक पाठवणाऱ्याला त्याच दिवशी उलट ईमेलने कळवावा. जेथे नस्त्या संगणकावरच हाताळणारी ई-ऑफिस प्रणाली सुरू आहे, तेथे हा क्रमांक त्याच प्रणालीतून द्यावा, म्हणजे एकाच पत्राच्या दोन नोंदी होणार नाहीत.

आपला,
एक निवृत्त कार्यालय अधीक्षक, सातारा