दोघींत एक पेशंट

पुणे

प्रिय शैला,

परवा फोनवर तू म्हणालीस, "नर्सिंगच्या दोघी-दोघी विद्यार्थिनींना एका पेशंटला लावतेस, मग काम निम्मंच होणार की!" तेव्हा वॉर्डात राउंड सुरू होता, नीट बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

काम निम्मं होतं, कबूल. पण श्वास मोजणंच घे ना. कुठलाही टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वासाचा तक्ता) उघड, अख्ख्या वॉर्डाचे श्वास मिनिटाला 20, न मोजताच लिहिलेले! न्यूमोनियाच्या आजोबांचेसुद्धा 20. आता एकजण नाडी मोजून झाली तरी मनगट सोडत नाही, तसंच धरून छातीकडे बघत मिनिटभर श्वास मोजते, कारण मोजतायत हे कळलं की पेशंटचा श्वास बदलतो. दुसरी पलंगापलीकडून वेगळं मोजते. मध्ये एकीचे आले 20, दुसरीचे 28. मी गप्प. दोघी वाद घालत परत गेल्या, पुन्हा 28 भरले, तशा इन्चार्ज सिस्टरकडे पळाल्या.

गप्प बसणं हेच माझं सगळ्यात अवघड काम गं! उत्तर जिभेवर असतं, तरी विचारायचं, "तुला काय वाटतं? आता काय बघशील?" अर्थात, हातात इंजेक्शनची चुकीची अँप्यूल दिसली तर प्रश्नबिश्न नाही, सरळ हात धरायचा.

मला "समजलं मॅडम" म्हणणारी नंदुरबारची एक मुलगी पीएमपीच्या बसमध्ये जोडीदारणीला विचारते, "नाडी लागेनाशी झाल्यावर बीपीचा पट्टा अजून किती फुगवायचा गं?" ती सांगते, "आणखी 30." मला हे तिने कधीच विचारलं नसतं.

इंग्लंडात ईस्ट अँग्लियाकडे अशी पद्धत आहे, मूळची अ‍ॅमस्टरडॅमची. पण तिथे विद्यार्थ्यांना शिकवणाऱ्या नर्सला, म्हणजे कोचला, त्या दिवशी दुसरे पेशंट नसतात. आपल्याकडे नर्सिंग कौन्सिलचं शिक्षक-विद्यार्थी प्रमाणच 1:10. म्हणून जोडीलाच फुकटची शिक्षिका समजायचा मोह होतो, तो मला मुळीच पटत नाही. दोघींनाही येत नसेल तर आंधळ्या-बहिऱ्याची गाठ! आधी लॅबमध्ये पुतळ्यावर माझ्यासमोर, मगच वॉर्ड.

शिवाय हुशार मुलगी सगळं उरकते आणि दुसरी नुसती ट्रे धरते. म्हणून जोड्या बदलते, ड्यूटी बदलताना पेशंटच्या माहितीचा हँडओव्हर मुद्दाम अबोल मुलीला द्यायला लावते. प्रोसिजर बुकात (शिकलेल्या कामांच्या नोंदवहीत) सही मात्र एकटीने करून दाखवल्यावरच.

तुझ्याकडे नाइट ड्यूटीला हे कसं जमेल, मला सुचत नाहीये. तू काय करशील, कळव. काकूंना नमस्कार.

तुझी,
मीनल