चातुर्मासातलं पत्र

तोर्तुगेरो, कोस्टा रिका
१७ ऑगस्ट

ती. बाबा आणि आई,
साष्टांग नमस्कार.

आधी भांडणाचं बोलून टाकते. गणपतीला मी येत नाही. आई, तू नुसतं "बरं" म्हणालीस आणि फोन बाबांकडे दिलास, तेव्हाच कळलं की हे फोनवर मिटणारं नाही. मुंबईचे चाकरमानी रजा नाही मिळाली तर नोकरीवर लाथ मारून गावी येतात आणि आपली लेक जगाच्या पाठीवर कुठे कासवं मोजतेय, हे तू बोलली नाहीस तरी मला ऐकू आलं. शेजारच्या दादाला पत्र पाठवतेय. तो मोठ्या अक्षरात छापून आणून देईल. बाबांनी चष्मा शोधत बसू नये.

माझं पोट लग्नाच्या फोटोंवर चालतं. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्त सुरू, आषाढी आली की बंद. चातुर्मासात आम्हाला कुत्रं विचारत नाही. आणि नेमकं जुलै ते ऑक्टोबर या काळातच इथे हिरवी कासवं अंडी घालायला येतात. म्हणजे गणपती, पितृपक्ष, नवरात्र सगळं त्यात सापडतं. हा दोष माझा नाही, कासवांचा आहे.

गाव तुम्हाला आवडेल. रस्ताच नाही, होडीनं यायचं. गावात मोटार नाही. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडीसारखा कालवा, मधे चिंचोळी पट्टी आणि नारळ. वाळू काळी. पाऊस वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर, तोही बारमाही, त्यामुळे टॉवेल कधीच वाळत नाही. सकाळी भात आणि काळा घेवडा एकत्र परतून देतात, त्याला गाल्यो पिंतो म्हणतात. आई, वर ओलं खोबरं घातलं तर आपलंच आहे. घड्याळ तुमच्या साडेअकरा तास मागे. तू सकाळी देवाजवळ दिवा लावतेस तेव्हा मी काळे कपडे चढवून रात्रीच्या फेरीला निघालेली असते.

बाबा, तुम्ही विचारलंत, "स्वतःचे पैसे भरून हमाली कशाला?" राहण्या-जेवण्याचे पैसे आम्ही स्वयंसेवकच भरतो, हे खरं आहे. आणि माझ्या जाण्यानं कासवं वाचतात असंही नाही. इथे १९५५ पासून कासवांना बिल्ले लावून मोजणी चालू आहे. आर्ची कार नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं सुरू केली. तेव्हा गावातली माणसं रात्री किनाऱ्यावर जागत, वर आलेली कासवीण उलटी पाडून ठेवत, मग ती जिवंतच बोटीत चढवली जाई, परदेशातल्या सूपासाठी. आता त्याच गावातली माणसं कासवं दाखवून पोट भरतात. आमच्या तुकडीचा पुढारीही इथलाच. आम्ही त्याच्या मागे अंधारात चालतो आणि तो सांगेल ते करतो. मी नसते तर दुसरं कोणी असतं. हे कळायला मला बरीच वर्षं लागली, आणि त्याचा संबंध आपल्या पडवीतल्या फोटोशी आहे. त्यावर येतेच.

काम असं. रात्री आठ ते बारा किंवा बारा ते चार फेरी. पांढरा उजेड चालत नाही, फक्त लाल, तोही अगदी गरजेपुरता. कासवीण वर येताना काही हललेलं दिसलं की ती सरळ परत फिरते. ती खड्डा खणेपर्यंत आम्ही वाळूत बसून राहतो. मागच्या पायांनी ती इतक्या बेतानं खणते, जणू ओंजळीनं पीठ काढतेय. अंडी घालू लागली की मात्र तिला कशाचंच भान उरत नाही. मग एकानं पालथं पडायचं, हात खाली धरायचा आणि बोटांवरून घरंगळणारं एकेक अंडं मोजायचं. परवा माझी पाळी होती. एकशे चौदा. टेबलटेनिसच्या चेंडूएवढी, पण कवच मऊ, चामड्यासारखं. तिच्या डोळ्यांतून सारखं पाणी येत होतं. अंगातलं जास्तीचं मीठ ती तिथून बाहेर टाकते, रडत नसते. आई, हे तुला पटणार नाही ते मला माहीत आहे. मलाही तिथे बसल्यावर पटलं नाही.

आणि यातल्या एकाचाही फोटो माझ्याकडे नाही. रात्री किनाऱ्यावर कॅमेरा न्यायला बंदी आहे, पर्यटकांना मोबाईलसुद्धा बाहेर काढू देत नाहीत. दोन लेन्स, स्टँड, सगळं ओझं एवढ्या लांब आणलं आणि ते आता हवाबंद डब्यात ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसोबत पडलंय. पहिले चार दिवस चरफडत होते. पाचव्या दिवसापासून बरं वाटायला लागलं. का, ते लिहिते.

नऊ वर्षांपूर्वी मी कंबोडियाला गेले होते, अंगकोरची देवळं बघायला, आणि तीन आठवडे एका अनाथाश्रमात इंग्रजी शिकवलं. तिथला तो पुढचा दात पडलेला, माझी टोपी घालून हसणारा मुलगा आपल्या पडवीत घड्याळाशेजारी लावलाय. आई, तू येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतेस, "बिचारा अनाथ आहे हो, मनू त्यांना शिकवायला जायची."

तो अनाथ नव्हता. रविवारी एक बाई सायकलवरून केळी घेऊन यायची आणि तो तिच्या मांडीवर बसून खायचा. मी तिला मावशी-आत्या समजले. विचारलं नाही. शेवटच्या दिवशी त्यानंच सांगितलं, ती आई. नंतर वाचलं, युनिसेफच्या पाहणीत त्या देशातल्या अनाथाश्रमांत चारातल्या जवळजवळ तीन मुलांच्या आई-वडलांपैकी कोणीतरी हयात निघालं. शाळेत घालू, जेवू घालू, असं सांगून गरिबांची मुलं आणतात, कारण आमच्यासारखे बघायला येतात, पैसे देतात, फोटो काढतात. पोरं रोज संध्याकाळी पाहुण्यांसमोर नाचायची. दर तीन आठवड्यांनी नवी ताई, नवा दादा, पुन्हा ए फॉर ॲपल. मला शिकवता येतं की नाही हेही कोणी विचारलं नव्हतं. आपल्या गावच्या शाळेत असं कोणी वाटेवरचं गोरं माणूस येऊन वर्गावर उभं राहिलं असतं तर बाबा, तुम्ही हेडमास्तरांना धारेवर धरलं असतं.

फोटो चांगला आहे. उजेड, हसू, सगळं जमलंय. त्याच्यावर मला कामंही मिळाली. पण तो काढताना मी त्याला विचारलं नव्हतं, त्याच्या आईला तर नाहीच. ती केळी घेऊन दारातच उभी होती. एवढं एक माझं ऐका, तो काढून ठेवा. भिंतीवर डाग दिसेल, दिसू दे.

आता मी लहान मुलं असतील तिथे कामाला जात नाही. जाण्याआधी एवढंच विचारते, की मी गेल्यावर इथे काय उरेल. इथे त्याचं उत्तर म्हणजे वहीतली एक ओळ आहे, तारीख, बिल्ल्याचा नंबर, अंडी एकशे चौदा. मला पुरते.

कॅमेरा अगदीच बेकार नाही. पहाटे पाऊस थांबला की माग मोजायला जातो, तेव्हा नेता येतो. काळ्या वाळूवर रात्रीत उमटलेले रुंद पट्टे, ट्रॅक्टर गेल्यासारखे. परवा एका मागावर जग्वारच्या पंज्यांचे ठसे होते. पुढे काय झालं ते फोटोत आहे, आईला दाखवू नका.

हे फोटो काढताना अंजर्ल्याची आठवण येते, बाबा. तुम्ही एकदाच सांगितलं होतं, लहानपणी आजोबांबरोबर पहाटे मागावरून जाऊन अंडी उकरायचात आणि परडी भरून घरी आणायचात. सांगून झाल्यावर तुम्ही विषय बदललात. वेळासला २००२ पासून तीच अंडी कुंपणात जपतात, पिल्लं समुद्रात सोडतात, आपण बघायलाही गेलो होतो. तुम्ही मागेच उभे राहिलात. इथल्या पुढाऱ्याचा आजा कासवं उलटी पाडायचा. तो ते कुणालाही हसत सांगतो आणि अंधारात सगळ्यांत आधी माग त्यालाच दिसतो.

म्हणून एक विचारायचंय. इथलं हिरवं कासव दोन्ही पुढचे पाय एकदम टाकतं, त्यामुळे माग दोन्हीकडून सारखा उमटतो. आपली कोकणातली कासवं आकारानं लहान, ती म्हणे पाय आळीपाळीनं टाकतात. तुम्ही बघायचात तो माग कसा होता, जोडीचा की आळीपाळीचा? आठवेल तसा कागदावर काढा आणि दादाकरवी फोटो पाठवा.

आई, माझ्या वाटणीचे मोदक फ्रीजमध्ये ठेवू नकोस, खाऊन टाका.

तुमची,
मनू