पऱ्हाटीचा धूर अन् पाणी

मा. संपादक,
स. न.

मे महिना लागला की आमच्या वणी तालुक्यात धुऱ्याधुऱ्यावर पऱ्हाटीचे, म्हणजे कापसाच्या वाळलेल्या झाडांचे, ढीग पेटतात. परवा शेजारच्या वावरातला पोरगा, माझाच जुना विद्यार्थी, म्हणाला, "बाई, धूर वर गेला तं ढग धरते अन् पाणी येते." मनापासून म्हणत होता. मी २९ वर्षं विज्ञान शिकवलं, म्हणून त्याला ओसरीवर बसवलंच.

दिव्याच्या ज्योतीवर स्टीलची ताटली धरली. काळीभोर काजळी साचली, तिच्यावर पाण्याचा थेंब सोडला. अळूच्या पानावरून घरंगळावा तसा तो घरंगळून खाली पडला, काजळी कोरडीच. ताजी काजळी अशी असते. ढगाचा थेंब हवेतल्या बारीक कणावर धरतो, आणि त्या कणाला पाण्याची ओढ हवी. धुरातली काजळी म्हणजे असेच कण, पण ती तिच्यात जवळपास नसतेच.

पण पोराचं म्हणणं सगळंच खोटं नव्हतं, हेही त्याला सांगितलं. ताजा कण म्हणजे अतिसूक्ष्म गोळ्यांची विस्कटलेली माळ. हवेत काही तास, काही दिवस तरंगताना तिच्यावर लेप चढतो. कोळसा जळून निघालेल्या सल्फर डायऑक्साइडचं हवेत सल्फ्युरिक आम्ल होतं. ते आणि सेंद्रिय वाफा कणावर बसतात. लेप ओल ओढतो, माळ आकसून गच्च गोळा होते, आणि मग त्याच काजळीवर ढगाचा थेंब धरू शकतो. चंद्रपूरचं औष्णिक वीज केंद्र आम्हाला दूर नाही, तेव्हा लेपाला तोटा नाही.

तोवर आमचा धूर मात्र वाऱ्यासोबत कुठल्या कुठे गेलेला असतो. शिवाय थेंब धरला म्हणजे पाणी आलं असं नाही. पावसाचा २ मिलिमीटरचा एक थेंब व्हायला ढगातले दहा लाखांच्या घरातले थेंब एकत्र यावे लागतात. कण वाढले की तेवढ्याच ओलीचे वाटेकरी वाढतात, थेंब बारके राहतात, लवकर एकमेकांत मिसळत नाहीत. उथळ ढग तर न बरसताच विरून जाऊ शकतो.

बोंडअळीच्या धाकानं लोक पऱ्हाटी जाळतात, हे मला माहीत आहे. कुट्टी करून खत केलं तरी अळीचा निकाल लागतो. पण लहान शेतकऱ्याला कुट्टीचं यंत्र एकट्यानं परवडत नाही. गावोगावच्या ग्रामपंचायतींनी ते भाड्यानं उपलब्ध करून द्यावं, आणि आपण शेतीच्या पानावर हा विषय मिरगाच्या आधी घ्यावा, ही विनंती.

— एक निवृत्त शिक्षिका, ता. वणी, जि. यवतमाळ