चित्रपटातले बेहबुदोव, रंगमंचावरचे बुलबुल

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीतला अझरबैजानच्या ऑपेरागायकांवरचा लेख आम्ही सोलापुरातल्या गाणं शिकवणाऱ्या मंडळींनी आवडीनं वाचला. मराठी वृत्तपत्रात बाकूच्या ऑपेराला अर्धं पान मिळावं, याचंच अप्रूप. पण लेखात दोन टेनर, म्हणजे उंच पट्टीच्या पुरुषी आवाजाच्या, गायकांची सरमिसळ झाली आहे. १९४५ च्या ‘अर्शीन माल आलान’ या चित्रपटाचे नायक बुलबुल नव्हेत, रशीद बेहबुदोव. त्यांचा जन्म १९१५ चा, आवाज हलका आणि मधाळ. बुलबुल म्हणजे मुर्तुझा मामेदोव, जन्म १८९७, शुशाजवळचा. लहानपणीच मिळालेलं टोपणनाव त्यांनी आयुष्यभर चालवलं.

दुसरी चूक मोठी आहे. इटलीतल्या मिलानला शिकून आल्यावर बुलबुल ऑपेरागायक झाले, असं लेख म्हणतो. प्रत्यक्षात १९२० पासूनच ते बाकूच्या ऑपेरा रंगमंचावर गात होते. तेही खानेंदे म्हणून, म्हणजे तार आणि कमांचा या तंतुवाद्यांच्या साथीनं, हातात गवाल हा डफ घेऊन मुगाम, म्हणजे आपल्या रागांसारखं तिथलं संगीत, गाणारे. बाकूच्या संगीत विद्यालयातलं शिक्षण १९२७ मध्ये पुरं झालं आणि मग १९३१ पर्यंत मिलान. नावाजलेला गायक पुन्हा चार वर्षं विद्यार्थी झाला, हे लेखात यायला हवं होतं.

ते मिलानला का गेले, हे कळायला आधी १९०८ चं ‘लेयली आणि मेजनून’ पाहावं लागतं. अझरबैजानचा पहिला ऑपेरा तो. लेखात तो मान ‘कोरोग्लू’ला दिला आहे, तेही दुरुस्त व्हावं. संगीतकार उझेयिर हाजीबेयोव तेव्हा जेमतेम बावीस वर्षांचे. मेजनून हुसेनगुलू साराब्स्की यांनी केला आणि लेयली एका पुरुषानं; आपल्याकडे त्याच सुमारास बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीत स्त्रीभूमिका करत होते. या ऑपेराच्या स्वरलिपीत मुगामाच्या जागा लिहिलेल्याच नाहीत. तिथे नुसतं मुगामाचं नाव असतं, पुढचं गायकानं तारवादकाच्या साथीनं जागेवर रचायचं. तेवढा वेळ वाद्यवृंद बहुतेक गप्प. त्यामुळे आवाज पोचवण्याचा प्रश्न फारसा येत नाही.

१९३७ च्या ‘कोरोग्लू’त हाजीबेयोवांनी हे सगळं पालटलं. संगीत पूर्ण लिहिलेलं, मोठं वृंदगान, सिम्फनी वाद्यवृंद आणि त्यातच तारसारखी देशी वाद्यं. नायक बुलबुल. ध्वनिवर्धक नाही.

अडचण नेमकी कुठे येते, ते पंढरपूरच्या वाटेवरची भजनं ऐकलेल्यांना लगेच कळेल. काळी चारच्या पट्टीत, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी षड्ज धरून, गाणाऱ्या बुवांचा तार गंधार म्हणजे टेनरचा तो प्रसिद्ध वरचा पांढरी एकचा षड्ज. स्वर एकच, काढण्याची रीत वेगळी. बुवांचा आणि खानेंदेचा कंठमणी वर चढतो, आवाज टोकदार होतो, मुरक्या झरझर पडतात. टाळ-पखवाजापुढे किंवा दोन तंतुवाद्यांपुढे तो खणखणीत लागतो. पण साठ-सत्तर वाद्यांपुढे अंकामागून अंक असं गायचं म्हटलं की गळा आवळतो, मानेच्या शिरा फुगतात आणि आवाज बसतो किंवा फाटतो.

इटालियन तालमीत कंठमणी खाली, स्थिर ठेवतात. फासळ्या फुललेल्या ठेवून श्वास हळूहळू सोडतात. तार सप्तकात, पांढरी एकचा षड्ज धरला तर गंधार ते पंचम या पट्ट्यात, आवाज फाटू नये म्हणून स्वरवर्ण किंचित गोल करतात, ‘आ’ थोडा ‘ऑ’कडे नेतात. यामुळे आवाजात तीन हजार हर्ट्झच्या आसपास एक धार तयार होते. वाद्यवृंदाचा जोर पाचशेच्या आसपास असतो आणि वर तो उतरत जातो, म्हणून ही धार त्याच्यावरून पार मागच्या रांगेपर्यंत जाते. इथे जोर लावून ओरडण्याचा काही उपयोग नाही, हे आमच्या नाट्यगीतवाल्या विद्यार्थ्यांना पटवता पटवता पुरेवाट होते.

या रीतीचा तोटाही आहे. आवाज जड झाला की ‘झेंगुले’, म्हणजे मुगामातली गळ्याची थरथरती हरकत, चिकट होते. शिवाय अझरबैजानी भाषेत नऊ स्वरवर्ण. ‘बॅट’मधल्या ‘ॲ’सारखा उच्चार तर पदोपदी, आणि तो गोल केला की शब्दच हरवतो. बुलबुल यांचं मोठेपण आमच्या मते इथे आहे: लांब स्वरांना त्यांनी इटालियन बैठक दिली, हरकती मात्र खानेंदेच्याच ठेवल्या. कोरोग्लू आशुगाच्या, म्हणजे फिरत्या लोकगायकाच्या वेषात हसन खानाच्या वाड्यात शिरतो, त्या प्रवेशात दोन्ही रीती एकाच गळ्यातून ऐकू येतात.

१९३८ मध्ये मॉस्कोत ‘कोरोग्लू’ झाला, त्याच वर्षी त्यांना सोव्हिएत संघाचे ‘लोककलावंत’ ही पदवी मिळाली. १९५० मध्ये स्टालिन पारितोषिक. मिलानहून परतल्यावर त्यांनी संगीत विद्यालयात लोकसंगीत गोळा करून लिहून ठेवण्याचा विभाग उभा केला, त्याची दखल आम्ही पदकांपेक्षा जास्त घेऊ. २६ सप्टेंबर १९६१ रोजी बाकूत त्यांचं निधन झालं. गायक-संगीतकार पोलाद ब्युलब्युलोग्लू हे त्यांचे चिरंजीव.

ऐकू इच्छिणाऱ्यांनी ‘कोरोग्लू’पासून सुरुवात करू नये. आधी तार-कमांचावरचा नुसता ‘सेगाह’ मुगाम ऐकावा, मग ‘लेयली आणि मेजनून’चा एखादा प्रवेश, आणि शेवटी बुलबुल. त्यांची ध्वनिमुद्रणं जुनी, खरखरीत आहेत. मोबाइलच्या स्पीकरवर ती वरची धार पिचकी वाटते, कानाला हेडफोन लावावेत. कोरोग्लूच्याच भूमिकेतले पुढच्या पिढीचे लुत्फियार इमानोव (१९२८–२००८) सोबत ऐकले तर तुलनाही होते.

चित्रपटाचा नायक, पहिला ऑपेरा आणि १९२० चं पदार्पण, या तीन दुरुस्त्या पुढच्या पुरवणीत छापाव्यात, ही विनंती.

– गायन शिक्षक व श्रोते, सोलापूर