पोटदुखीचा रुग्ण पुढे पाठवण्याआधी एक फोन करा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

छातीत कळ आली असे सांगितले की आपल्याकडे निदान ईसीजी तरी लगेच काढतात. रस्त्यावरच्या अपघातातला जखमी थेट आत घेतला जातो. पोटात अचानक असह्य दुखू लागलेला माणूस मात्र बाकावर बसून राहतो. गॅस असेल, बाहेरचे काही खाल्ले असेल, असे घरचे म्हणतात, केमिस्टही तेच म्हणतो आणि पुष्कळदा कॅज्युअल्टीतही (रुग्णालयाच्या तातडीच्या विभागातही) तेच ऐकायला मिळते. बहुतेक पोटदुखी खरोखरच साधी असते, म्हणून तर बाकीची निसटते. अल्सरला पडलेले छिद्र, फुटायला आलेले अपेंडिक्स, पीळ पडलेले आतडे, गर्भनलिकेत वाढणारा गर्भ यांना सकाळच्या ओपीडीपर्यंत थांबायला वेळ नसतो.

मुंबईत अशा रुग्णाचे सर्वांत जास्त तास कुठे जातात, हे कॅज्युअल्टीत काम केल्यामुळे आम्हाला जवळून माहीत आहे. ते जातात एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात. म्हणून मागणी एकच आहे. रुग्ण पुढे पाठवायचा असेल तर आधी तिथल्या सर्जरीच्या डॉक्टरांना फोन, सोबत पूर्ण भरलेली चिठ्ठी आणि नेण्यासाठी रुग्णवाहिका. या तीन गोष्टी झाल्याशिवाय रुग्णाला गेटबाहेर काढू नये.

रात्रीचा नेहमीचा क्रम असा असतो. वस्तीतला रुग्ण अकराच्या सुमारास जवळच्या नर्सिंग होममध्ये जातो. ॲसिडिटीसाठी पॅन्टोप्राझोल आणि पेटके थांबवण्यासाठी ड्रोटाव्हेरिन यांचे इंजेक्शन मिळते, तासा-दोन तासांनी दुखणे पुन्हा उसळते. मग उपनगरातले सरकारी किंवा पालिकेचे रुग्णालय. तिथे सर्जन ऑन कॉल, म्हणजे बोलावल्यावर येणारे असतात, सोनोग्राफी सकाळी होणार असते, नाहीतर भूल देणारे डॉक्टर सिझेरियनमध्ये अडकलेले असतात. ही कारणे खरी असतात आणि त्यासाठी रात्रपाळीच्या डॉक्टरांवर राग काढण्यात अर्थ नाही. चूक होते ती त्यानंतर. नातेवाइकांच्या हाती चिठ्ठी देऊन 'मोठ्या हॉस्पिटलला न्या' एवढेच सांगितले जाते. कोणत्या, तिथे जागा आहे का, पोचल्यावर कोणाला भेटायचे, काहीच माहीत नसते. टॅक्सी करून माणसे केईएम, सायन, नायर किंवा कूपर ही पालिकेची मोठी रुग्णालये गाठतात आणि तिथे पुन्हा केसपेपर, पुन्हा तीच विचारपूस, पुन्हा रक्त काढणे. आधीच्या ठिकाणी काढलेल्या रक्ताचे रिपोर्ट आधीच्याच ठिकाणी राहिलेले असतात.

ती चिठ्ठी एकदा नीट पाहावी. तळहाताएवढा कागद, वर शिक्का, मध्ये 'पोटदुखी, पुढील उपचारासाठी पाठवत आहोत' एवढी ओळ, खाली न वाचता येणारी सही. वेळ लिहिलेली नाही. नाडी, रक्तदाब, ताप नाही. कोणते इंजेक्शन किती वाजता दिले ते नाही. पहाटे दोनला नाडी ९६ आणि रक्तदाब १२०/८० होता आणि साडेचारला नाडी १२८ आणि रक्तदाब ९०/६० झाला, तर रुग्ण झपाट्याने खालावतो आहे हे पुढच्या डॉक्टरला एका नजरेत कळते. पहिला आकडाच नसेल, तर तो नव्याने वाट पाहतो. पोटाचेही तसेच. दोन वाजता मऊ असलेले पोट आता लाकडासारखे कडक झाले, ही माहिती सीटी स्कॅनइतकीच मोलाची आहे.

चिठ्ठीवर काय हवे ते सांगतो: दुखणे किती वाजता सुरू झाले, आधी कुठे आणि आता कुठे, उलट्या किती, शेवटची शौच, वारा सरणे आणि लघवी कधी, दर वेळच्या वेळेसह नाडी, रक्तदाब, ताप, साखर, पोट तपासल्यावर काय आढळले, दिलेली औषधे, त्यांचा डोस आणि वेळ, शेवटचे खाणे-पिणे कधी, बाईमाणूस असेल तर शेवटच्या पाळीची तारीख आणि लघवीतून केलेल्या गर्भचाचणीचा निकाल, आणि कोणत्या डॉक्टरशी फोनवर बोलणे झाले. छापील फॉर्म असेल तर पाच मिनिटांचे काम आहे.

फोनने तर त्याहून जास्त साधते. पलीकडचे सीटी मशीन बंद असेल तर रुग्ण आधीच दुसरीकडे वळवता येतो. शस्त्रक्रियागृह मोकळे ठेवता येते, रक्तगट कळवून ठेवता येतो. ऐन पावसाळ्यात हिंदमाताला किंवा सायनच्या गांधी मार्केटला पाणी भरले असेल, तर तिकडे रुग्ण पाठवण्याआधी पालिकेच्या १९१६ क्रमांकावर चौकशी करण्याचे भानही या फोनमुळेच येते.

ही मागणी आमच्या मनची नाही. हकीम शेख हे शेतमजूर १९९२ साली बंगालमध्ये रेल्वेतून पडले आणि एकामागून एक सरकारी रुग्णालयांनी त्यांना जागा नाही, सोय नाही म्हणून परत पाठवले. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये यात राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खालच्या जगण्याच्या अधिकाराचा भंग झाल्याचे ठरवले, २५,००० रुपये भरपाई दिली आणि कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे हे कळून रुग्ण थेट तिथे पाठवता यावा यासाठी मध्यवर्ती संपर्क यंत्रणा हवी, असे सांगितले. मुंबईने ती करूनही दाखवली आहे. २०२० च्या जूनमध्ये पालिकेच्या २४ वॉर्डांत करोनासाठी वॉर रूम (नियंत्रण कक्ष) सुरू झाल्या आणि खाटांचे वाटप तिथून होऊ लागले. रात्री तीन वाजता फोन उचलणारी आणि खाट शोधून देणारी माणसे तेव्हा या शहरात होती. शस्त्रक्रियेच्या तातडीच्या रुग्णांसाठी तशीच व्यवस्था कायमची का नसावी?

वेदनाशामकाबद्दल वेगळे लिहायला हवे. 'सर्जनने बघेपर्यंत दुखणे दाबू नका' हा जुना नियम आजही पाळला जातो आणि रुग्ण तीन-चार तास तळमळत पडतो. तो नियम सोनोग्राफी आणि सीटी नव्हते तेव्हाचा आहे. मॉर्फिनच्या जातीची वेदनाशामके दिल्याने निदान चुकत नाही, हे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून दिसले आहे. उलट दुखणे थोडे कमी झाले की रुग्ण पोट सैल सोडतो आणि हात लावून तपासणे जमते. पन्नास किलोहून जास्त वजनाच्या प्रौढाला शिरेतून १ ग्रॅम पॅरासिटामॉल हे तर कुठल्याही कॅज्युअल्टीत होण्यासारखे आहे. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मात्र सरसकट टोचू नये. अल्सर फुटल्याची शंका असेल, मूत्रपिंडे कमजोर असतील किंवा रुग्ण उलट्यांनी सुकला असेल तर ते घातक ठरते. नेमके तेच सर्वांत आधी टोचले जाते.

आता घरच्यांसाठी. रुग्ण कसा पडला आहे इकडे लक्ष द्या. मूतखड्याची कळ असलेला माणूस तळमळतो, एका जागी राहू शकत नाही. कळ कमरेतून जांघेकडे उतरते. आतड्याला छिद्र पडलेला माणूस गुडघे पोटाशी घेऊन निश्चल पडतो, खोकलाही दाबून धरतो, कारण जरा हलले की पोटभर आग होते. हा दुसरा रुग्ण शांत दिसतो म्हणून मागे राहतो, आणि खरे तर तोच आधी आत जायला हवा. अपेंडिक्सचे दुखणे बहुधा बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांनी उजवीकडे खाली सरकते, भूक मरते. पोट फुगले, उलट्या थांबत नाहीत आणि वारा सरत नाही, तर आतडे अडले असे समजावे. जांघेत हर्नियाची गाठ असेल आणि ती आत जात नसेल तर मुळीच थांबू नये. वरच्या पोटातले, पाठीत जाणारे आणि पुढे वाकून बसल्यावर थोडे हलके होणारे दुखणे स्वादुपिंडाचे असू शकते.

एक फसवी गोष्ट अशी की अपेंडिक्स किंवा अल्सर फुटल्यावर काही तास दुखणे कमी झाल्यासारखे वाटते. घरचे म्हणतात उतार पडला, आणि रुग्णाला घेऊन घरी परततात. नाडी जलद असेल, जीभ कोरडी पडली असेल, पोट हात लावू देत नसेल तर तो उतार नव्हे. म्हातारी माणसे आणि मधुमेही यांच्यात ताप आणि कडक पोट ही लक्षणे उशिरा दिसतात किंवा दिसतच नाहीत, त्यांना आराम पडला म्हणून घरी थांबवू नये. चाळिशीपुढच्या माणसाला बेंबीच्या वर दुखून घाम फुटला असेल तर पहिल्या दहा मिनिटांत ईसीजी मागा. हृदयविकाराचा झटका ॲसिडिटीचे सोंग घेऊन येतो.

वयात येणारा मुलगा पोट दुखते म्हणतो तेव्हा अंडकोषाच्या थैलीत दुखते का, हे वडिलांनी किंवा काकांनी बाजूला घेऊन विचारावे. वृषणाला पीळ पडला असेल तर सहा तासांच्या आत सोडवावा लागतो, आणि लाजेपायी मुले ते सांगत नाहीत. मुलींच्या बाबतीत पाळीचा प्रश्न सासू, आई किंवा भावासमोर विचारला तर खरे उत्तर मिळत नाही. पाळी चुकलेली, खाली एका बाजूला दुखणे, चक्कर आणि खांद्याच्या टोकाला कळ, म्हणजे पोटात रक्तस्राव होत असण्याची शक्यता. खांदा दुखतो तो छाती आणि पोट यांमधल्या पडद्याखाली साचलेल्या रक्तामुळे. लघवीतल्या गर्भचाचणीला पाच मिनिटे लागतात, आणि ती न झाल्यामुळे सर्जरी म्हणते गायनॅकला (स्त्रीरोग विभागाला) न्या, गायनॅक म्हणते सर्जरीला न्या, अशा फेऱ्यांत बाई स्ट्रेचरवरच राहते. अशा वेळी दोन्ही विभागांच्या डॉक्टरांनी कॅज्युअल्टीतच येऊन बघावे. रुग्ण हलवू नये.

घरी बेंबी सरकली म्हणून पोट चोळू नये, एरंडेल देऊ नये, एनिमा देऊ नये. खायला काही नको. दुधाचा चहा भूलतज्ज्ञांच्या हिशेबात जेवणासारखाच धरतात, त्यानंतर सहा तास थांबावे लागते. घोटभर चहाने शस्त्रक्रिया पुढे गेल्याचे प्रकार घडतात. रोजच्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत टाका, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती आधी दाखवा. रेशनकार्ड आणि आधार हाताशी असेल तर घ्या. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी ती कागदपत्रे लागतात, पण त्यांच्या शोधात निघायला उशीर करू नका.

१०८ ही रुग्णवाहिका मोफत आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. गल्लीत ती शिरत नसेल तर एका माणसाला नाक्यावर उभे करा आणि फोनवर घरनंबराआधी तो नाका सांगा. इमारतीच्या लहान लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावत नाही. रुग्ण शुद्धीवर असेल तर हात असलेल्या मजबूत खुर्चीत बसवून दोघांनी खाली आणावे. रुग्णालयात पोचल्यावर ओपीडीच्या रांगेत उभे राहू नका, दिवस असला तरी थेट कॅज्युअल्टीत जा. तिथे 'पोट दुखते' एवढ्यावर थांबू नका. 'काल रात्री दहापासून सतत दुखते, तीन उलट्या, सकाळपासून लघवी नाही' असे सांगा आणि केसपेपर निघेपर्यंत नाडी-रक्तदाब बघून घ्या, अशी विनंती करा. रुग्णालयांनीही हाच क्रम ठेवावा. कागद नातेवाईक काढू शकतो, नाडी रुग्णाचीच बघावी लागते.

खासगी रुग्णालयांबाबत दोन गोष्टी वाचकांना माहीत असाव्यात. २०२१ च्या सुधारित शुश्रूषागृह नोंदणी नियमांनुसार तातडीच्या रुग्णाला आधी जीव वाचवणारे प्राथमिक उपचार द्यावे लागतात आणि मगच कागदपत्रांसह पुढे पाठवता येते. तक्रार पालिकेच्या वॉर्डातील आरोग्य अधिकाऱ्यांकडे करता येते. धर्मादाय रुग्णालयांना तर उच्च न्यायालयाच्या २००६ च्या योजनेप्रमाणे तातडीच्या रुग्णाकडून अनामत रक्कम मागण्याची मुभाच नाही, आणि प्रकृती स्थिर झाल्यावर गरज असेल तर सरकारी रुग्णालयात नेण्याची सोयही त्यांनीच करायची आहे. पैशांअभावी स्वतःच्या जबाबदारीवर रुग्ण हलवण्याच्या कागदावर सही करावी लागलीच, तरी झालेल्या तपासण्यांचे रिपोर्ट आणि दिलेल्या औषधांची यादी घेतल्याशिवाय निघू नका.

पालिकेने आणि राज्य सरकारने आपल्या सर्व रुग्णालयांसाठी एकच छापील फॉर्म करावा, प्रत्येक मोठ्या रुग्णालयात चोवीस तास उचलला जाणारा सर्जरीचा एक फोन ठेवावा, आणि दर महिन्याला कुठून किती रुग्ण, कोणत्या कारणाने, फोन करून की न करता पाठवले, ते जाहीर करावे. ज्या रुग्णालयातून केवळ सोनोग्राफी होत नाही म्हणून रात्री वारंवार रुग्ण बाहेर पाठवले जातात, तिथे रेडिओलॉजिस्टची रात्रपाळी सर्वांत आधी लावावी.

आपले,
कॅज्युअल्टीत काम केलेले काही डॉक्टर व परिचारिका, मुंबई