चिऊ, तुझी ओढणी त्यांच्याकडेच आहे

चिऊ,

काल तू फोनवर म्हणालीस, मम्मी आता मला चर्चबद्दल काही बोलू नकोस. मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला, पण रात्रभर डोळा लागला नाही म्हणून लिहितेय, लगेच वाचलं नाहीस तरी चालेल.

तुझ्या मैत्रिणीच्या दफनविधीच्या दिवशी तुला कोणीतरी म्हटलं ना, देवाला चांगली फुलं आवडतात म्हणून तो ती लवकर खुडून नेतो. मी शेजारीच होते, ऐकलं आणि गप्प बसले, त्याचं मला अजून वाईट वाटतंय. बाळा, असं बायबलमध्ये कुठेही लिहिलेलं नाही. 22 वर्षांची पोरगी, साधा ताप म्हणता म्हणता डेंग्यू निघाला, प्लेटलेट्स उतरत गेल्या आणि 5 दिवसांत सगळं संपलं, ह्याला देवाची आवड म्हणायची माझी तयारी नाही. प्रेषित पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात मृत्यूला सरळ शत्रू म्हटलंय, शेवटचा शत्रू. मग आपण तरी त्याला गोड नाव कशाला द्यायचं.

तू विचारलंस एवढी प्रार्थना केली, तरुण संघ रात्रभर जागला, मग देवाने ऐकलं का नाही. मला उत्तर माहीत नाही गं. मार्थाने हेच येशूला तोंडावर ऐकवलं होतं, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता, योहान 11 मध्ये आहे बघ. तो तिच्यावर चिडला नाही. तिच्या त्या भावाला, लाजरला, आपण आत्ता कबरीतून जिवंत बाहेर बोलावणार हे येशूला माहीत होतं, कबर चार पावलांवर होती, तरी तो रडला. संडे स्कूलमध्ये वचन पाठ नसलं की पोरं पटकन "येशू रडला" म्हणून मोकळी व्हायची, दोनच शब्द, तुम्ही दोघी पण तेच करायचात आणि मी तुम्हाला खाली बसवायचे. आता ते दोन शब्द माझ्याच तोंडातून निघत नाहीत.

केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन बघायला गेलो होतो आपण, आठवतं? रमाबाईंचे आईवडील आणि बहीण दुष्काळात गेले, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं पुरी व्हायच्या आत नवरा कॉलऱ्याने, आणि 1921 ला एकुलती एक मुलगी मनोरमा, चाळिशीची, जिच्यावर पुढचं काम सोपवायचं होतं. तेव्हा मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून मराठी बायबल करायचं त्यांचं काम चालू होतं आणि ते त्यांनी सोडलं नाही. 1922 च्या एप्रिलमध्ये त्या पण गेल्या. मुलीला निरोप दिल्यावर ती बाई परत त्या कागदांपाशी कशी बसली असेल, हे सारखं माझ्या मनात येतं.

कबरीपाशी तू मूठभर माती घेतलीस आणि टाकलीच नाहीस, मुठीत तशीच घेऊन घरी आलीस, मी बघितलं. भिंतीपलीकडे ज्वारीची पेरणी चालली होती. पौल शरीराबद्दल पुरलं म्हणत नाही, पेरलं म्हणतो. आपण शेतकऱ्याच्या घरचे, बी मातीआड झालं की रानात दिसत काहीच नाही, पण म्हणून कोणी रान विकायला काढत नाही. माझी आशा एवढीच आहे आणि ती मी मनाची समजूत म्हणून धरलेली नाही. नुसता आत्मा वर गेला असं नाही, तीच पोरगी, तिच्या नावाने, तिच्या त्या मोठ्या हसण्यासकट उठेल असं मी मानते.

चर्चला जा म्हणून हे लिहीत नाहीये. प्रार्थना जमत नसेल तर 88 वं स्तोत्र वाच, ते काळोखातच संपतं, शेवटी स्तुती वगैरे काही नाही, तरी ते बायबलमध्ये आहे. आणि जेवत जा गं, मेसचा डबा परत पाठवतेस म्हणे.

रविवारी उपासनेनंतर मी तिच्या आईकडे जाणार आहे, भाकरी-पिठलं घेऊन, कारण तिथे अजून चूल नीट पेटत नाहीये. तुझी निळी ओढणी तिच्या कपाटात सापडली. त्यांनी धुऊन, घडी करून ठेवलीय, मागच्या खेपेला मला द्यायला काढली आणि परत आत ठेवली. राहू दे का त्यांच्याकडे? तेवढं कळव.

मम्मी